विश्लेषण : पावसाचा आकडा फाइलमधून थेट छापील आलेखात कसा उतरतो?

महाराष्ट्रात एखाद्या महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला, की ती अतिवृष्टी धरली जाते. एकट्या या आकड्यावर मदत ठरत नाही, पंचनाम्यात ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान दिसावे लागते. पण चर्चेची सुरुवात या आकड्यापासूनच होते. ६४.८ आणि ६५.२ यांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही, तरी धानाची बांधी पाण्याखाली गेलेल्या शेतकऱ्यासाठी तो मोठा असतो. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीसारख्या गावातून कुणी या पावसावर अहवाल लिहायला बसले, तर आकडे आज घरबसल्या मिळतात. अडचण त्यापुढे सुरू होते. संकेतस्थळावरचा आकडा आधी फाइलमध्ये येतो, फाइलमधून तक्त्यात, तक्त्यातून चित्रात आणि चित्रातून अहवालात जातो. या प्रवासात तो बदलला तर कुणाच्या लक्षातही येत नाही. मधले बरेचसे हात टाळून आकडे थेट छापील पानावर उतरवण्याची एक जुनी, मोफत आणि भक्कम सोय आहे. तिच्याविषयी.

आकडे कुठून येतात?

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे आठ तालुके. धान हे इथले मुख्य पीक आणि पावसाचा बहुतेक वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या महापुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात मोठे नुकसान केले. त्यामुळे इथे पावसाच्या नोंदी हा केवळ अभ्यासाचा विषय नाही.

राज्याच्या कृषी विभागाच्या ‘महारेन’ संकेतस्थळावर पावसाच्या तालुका आणि मंडळनिहाय नोंदी पाहता येतात. ‘महावेध’ प्रकल्पातील स्वयंचलित हवामान केंद्रे मंडळ पातळीवर मोजणी करतात. भारतीय हवामान विभागाच्या नोंदी वेगळ्या असतात. अशा नोंदी संगणकावर उतरवून घेणे म्हणजे ‘एक्स्पोर्ट’. बहुतेक वेळा हाती येते ती ‘सीएसव्ही’ फाइल, म्हणजे स्वल्पविरामाने तोडलेले आकडे. तिला रंग नसतो, चौकटी नसतात, सूत्रेही नसतात. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे आणि पुढे प्रत्येक ओळीत तारीख, ठिकाण, पाऊस. साध्या मजकुराची असल्याने ती कोणत्याही संगणकावर, कोणत्याही काळात उघडता येते. हीच तिची ताकद.

टेक आणि लाटेक म्हणजे काय?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांना १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते मिळाली. शिशाच्या खिळ्यांऐवजी नव्या यंत्रावर जुळवलेला तो मजकूर त्यांना इतका नापसंत पडला, की त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली. ती ‘टेक’. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तिच्यावर ‘लाटेक’ हा सोपा थर चढवला. आज गणित, भौतिकशास्त्र, संगणकशास्त्रातील बहुतांश शोधनिबंध याच प्रणालीत जुळवले जातात.

वर्ड आणि लाटेक यांच्यात मूळ फरक असा, की वर्डमध्ये पान डोळ्यांसमोर घडते, तर लाटेकमध्ये आधी साध्या मजकुरात सूचना लिहायच्या आणि मग प्रणालीकडून पान जुळवून घ्यायचे. ‘हे प्रकरणाचे नाव’, ‘हे समीकरण’, ‘इथे आकृती’ असे सांगितले की अंतरे, क्रमांक, अनुक्रमणिका प्रणाली पाहते. क्नूथ यांनी टेकमधली मोजमापे पूर्णांकांच्या गणितावर बेतली. त्यामुळे तोच मजकूर आणि तेच टंक दिले, तर वेगवेगळ्या यंत्रांवर ओळी तिथेच तुटतात आणि पाने तशीच पडतात.

आकड्यांवरून आलेख कसा उमटतो?

टेकमध्ये चित्रे काढण्यासाठी टिल टांटाऊ यांनी ‘टिक्झ’ ही चित्रभाषा तयार केली. तिच्या जर्मन नावाचा अर्थच ‘टिक्झ हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम नव्हे’ असा गमतीदार आहे. तिथे माउसने रेघ ओढायची नसते. कुठून कुठे, किती जाड, कोणत्या रंगाची हे शब्दांत सांगायचे असते. या पायावर ख्रिस्तियन फॉयरझेंगर यांनी ‘पीजीएफप्लॉट्स’ हे आलेखांचे पॅकेज उभे केले.

समजा, मुर्रीत राहणाऱ्या आणि गोंदियात पदवीला असलेल्या एखाद्या विद्यार्थिनीकडे जुलै महिन्याच्या रोजच्या पावसाची फाइल आहे. तिला अहवालात एकही आकडा टंकायचा नाही. ती चार गोष्टी सांगते : आकडे अमुक फाइलमध्ये आहेत, रकाने स्वल्पविरामाने तोडले आहेत, आडव्या अक्षावर तारखेचा रकाना घ्या, उभ्या अक्षावर पावसाचा घ्या आणि स्तंभ काढा. स्वल्पविरामाची सूचना विसरली, तर पॅकेज रकाने मोकळ्या जागेने तोडलेले आहेत असे धरते आणि ‘असा रकाना सापडत नाही’ म्हणून अडून बसते. नवख्यांची पहिली संध्याकाळ बहुधा इथेच जाते.

मग ती ६५ मिलिमीटरवर एक आडवी लाल रेघ मागते. जुळणी सुरू केली की प्रणाली फाइल वाचते, अक्षांची मर्यादा ठरवते, स्तंभ उभे करते आणि आलेख पानात बसवते. अक्षरे, रेघांची जाडी, आकड्यांचा आकार सगळे मजकुराशी जुळणारे. ऑगस्टच्या नोंदी आल्या, तर फाइल बदलायची आणि पुन्हा जुळणी करायची. आलेखाला हात लावायचा नाही.

चित्र डकवण्यात काय वाईट आहे?

एक्सेलमध्ये आलेख काढून तो अहवालात डकवणे ही सर्वाधिक रुळलेली पद्धत. छोट्या कामाला ती पुरते. पण डकवलेले चित्र मूळ आकड्यांपासून तुटलेले असू शकते. नोंदी सुधारल्या, एक दिवस वाढला, तरी चित्र जुनेच राहते. मजकुरात ‘सात दिवस अतिवृष्टी’ आणि आलेखात सहाच स्तंभ रेघेवर, असे विसंगत अहवाल यातूनच निघतात. शिवाय पडद्याचा फोटो काढून डकवला, तर छापताना अक्षरे फाटतात. लाटेकमधला आलेख रेघांच्या वर्णनाने साठवलेला असतो. कितीही मोठा केला तरी तो धुरकट होत नाही.

सर्वांत मोठा फायदा तपासणीचा. अहवालासोबत आकड्यांची फाइल आणि सूचनांची फाइल दिली, की मार्गदर्शक, परीक्षक किंवा तहसील कार्यालयात दाद मागणारा गावकरी तोच आलेख पुन्हा काढून पाहू शकतो.

चुका कुठे होतात?

पहिली चूक तारखेची. आपल्याकडे तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लिहितात. पीजीएफप्लॉट्सच्या तारीख-सोयीला ती वर्ष-महिना-दिवस अशी हवी असते. सीएसव्ही फाइल एकदा एक्सेलमध्ये उघडून जतन केली, की संगणकाच्या मांडणीनुसार तारखांचे रूप बदलू शकते. ५ जुलैचा ७ मे होणे यातलेच. एक्सेलची ही सवय सातबाऱ्यालाही भोवते. ‘१२/५’ हा सर्व्हे क्रमांक इंग्रजी अंकांत टंकला की तो १२ मे किंवा ५ डिसेंबर होऊन बसतो. जनुकांच्या नावांचेही असेच झाले. काही नावे महिन्यांसारखी दिसत असल्याने एक्सेल त्यांच्या तारखा करत असे. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीनेच आपल्या नियमांत याची दखल घेतली आणि अशी नावे बदलल्याचे जाहीर केले.

दुसरी चूक स्वल्पविरामाची. ‘१,२४५.६’ असा हजाराचा स्वल्पविराम आकड्यात राहिला, तर फाइलमध्ये त्याचे दोन रकाने होतात, १ आणि २४५.६. त्यानंतरचे सगळे रकाने एकेक घर सरकतात.

तिसरी अंकांची. पॅकेजला फाइलमध्ये इंग्रजी अंकच कळतात. ‘६५.२’ असे देवनागरीत लिहिलेले त्याच्या लेखी अक्षर असते, आकडा नव्हे. आकड्यांच्या रकान्यात चुकून ‘मिमी’ लिहिले गेले तरी तेच होते.

चौथी चूक डोळ्यांना दिसतच नाही. काही प्रोग्राम युनिकोड फाइलच्या अगदी सुरुवातीला एक अदृश्य खूण घालतात. ती पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. पडद्यावर ‘तारीख’ दिसते, पण प्रणाली म्हणते की ‘तारीख’ नावाचा रकाना नाही. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये त्या खुणेविना फाइल पुन्हा जतन केली की प्रश्न सुटतो.

पाचवी चूक छापताना कळते. पीजीएफप्लॉट्स हजाराला आपणहून स्वल्पविराम देते. आडव्या अक्षावर साधी वर्षे दिली, तर २०२० चे ‘२,०२०’ होते. ही सवय एका सूचनेने बंद करता येते. लाखाची भारतीय पद्धतही त्याला आपोआप जमत नाही.

शून्य आणि रिकामी जागा एकच का नाही?

पर्जन्यमापक बंद पडला, वीज गेली, नोंद घेतली गेली नाही, तर त्या दिवशीचे घर रिकामे असते किंवा तिथे आडवी रेघ असते. पाऊस पडलाच नाही, तर तिथे शून्य असते. या दोन्ही गोष्टी आलेखात सारख्या दिसल्या, तर अहवाल खोटे बोलतो. रिकाम्या घरात सोयीसाठी शून्य भरणे ही सर्वांत सहज घडणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक. मोजणीच झाली नाही अशा दिवशी पाऊस झालाच नाही, असा तिचा अर्थ होतो.

पीजीएफप्लॉट्समध्ये रिकामे घर ‘आकडा नाही’ म्हणून नोंदवता येते. रेषालेख असेल तर दोन पर्याय असतात : तो बिंदू वगळून आजूबाजूचे बिंदू जोडायचे किंवा तिथे रेघ तोडायची. रेघ तोडणे प्रामाणिक, कारण वाचणाऱ्याला खंड दिसतो. स्तंभालेखात मात्र शून्य आणि रिकामे घर दोन्हीकडे स्तंभच नसतो. म्हणून नोंद नसलेले दिवस वेगळ्या खुणेने किंवा तळटिपेत दाखवणे आवश्यक ठरते.

दिवस कधी सुरू होतो?

हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. ५ जुलैच्या नावावर लिहिलेला पाऊस ४ जुलै सकाळी साडेआठ ते ५ जुलै सकाळी साडेआठ या वेळेतला असतो. म्हणजे ४ जुलैच्या संध्याकाळी कोसळलेला पाऊस नोंदीत ५ जुलैला दिसतो. गावकरी सांगतात ती तारीख आणि आलेखातली तारीख यांत एका दिवसाचा फरक दिसला, तर कुणीतरी खोटे बोलते आहे असे नाही. आलेखाखाली हे एक वाक्य लिहिले तर पुढचे वाद वाचतात.

हवामान विभागाची वर्गवारीही लक्षात घ्यायला हवी. त्यात ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस. राज्याच्या मदतीच्या चर्चेतील ६५ ची रेघ वेगळी. आलेखावरची रेघ नेमकी कोणत्या निकषाची, हे तिच्याशेजारीच लिहिलेले बरे.

चुकीच्या तक्त्याने जगात काय घडवले?

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये करोनाच्या १५ हजार ८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकडेवारीतून गळाल्याचे उघड झाले. प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइल एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या तक्त्यात ओतल्या जात होत्या. त्या तक्त्यात ६५ हजार ५३६ ओळींपुढे जागाच नसते. उरलेल्या ओळी निमूट कापल्या गेल्या. तपासणीचा निकाल त्या रुग्णांना कळला होता, पण त्यांच्या संपर्कातील लोकांचा शोध लांबला.

दुसरे उदाहरण अर्थशास्त्रातले. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या २०१० च्या निबंधानुसार सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ या निबंधाचा जगभर हवाला दिला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला वर्गातल्या अभ्यासासाठी ते उत्तर पुन्हा काढता येईना. त्याने लेखकांकडून मूळ तक्ता मागवला. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. ही चूक आणि आकडे निवडण्या-तोलण्याच्या पद्धतीतील इतर त्रुटी सुधारून हर्न्डन आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी २०१३ मध्ये मांडलेली सरासरी अधिक २.२ टक्के होती. मूळ फाइल मिळाली म्हणूनच एका विद्यार्थ्याला हे दाखवता आले.

मराठी अक्षरांचे काय?

नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्टहाउस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची पहिली रुळलेली सोय केली. तेव्हा मजकूर रोमन लिपीत लिहून आधी एका प्रोग्राममधून काढावा लागे. जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलेल्या ‘झीटेक’ने युनिकोड मराठी थेट लिहिण्याची वाट मोकळी केली. आज झीलाटेक आणि लुआलाटेक या दोन्ही वाटांनी जोडाक्षरे, रफार, वेलांट्या नीट बसतात. मात्र लुआलाटेकमध्ये अक्षरे घडवण्यासाठी ‘हार्फबझ’ निवडावे लागते. नाही तर जोडाक्षरे बिघडू शकतात. मुंबई आयआयटीचा ‘शोभिका’, एक टाइपचा ‘मुक्त’ असे मोफत देवनागरी टंक उपलब्ध आहेत. रोहित होळकर आणि निरंजन तांबे यांनी लिहिलेली मराठीतील लाटेक मार्गदर्शिका ‘सीटॅन’ या टेकच्या सार्वजनिक भांडारात मोफत मिळते.

आलेखात ‘पाऊस (मिमी)’, ‘दिनांक’ अशी नावे देता येतात. अक्षांवरचे आकडे मात्र गणिताच्या टंकात बसत असल्याने मूळ मांडणीत इंग्रजीच राहतात. ते देवनागरीत हवे असतील तर वेगळी सूचना द्यावी लागते. फाइलमध्ये इंग्रजी अंक आणि पानावर देवनागरी अंक, ही विभागणी सर्वांत सुरक्षित.

मर्यादा काय आणि पर्याय कोणते?

टेक मूळचे अक्षरजुळणीसाठी आहे, आकडेमोडीसाठी नाही. दहा मिनिटांनी एक अशी वर्षभराची नोंद म्हणजे ५० हजारांहून अधिक बिंदू होतात. एवढे बिंदू दिले तर जुळणी रेंगाळते किंवा स्मृती संपल्याचा संदेश येतो. अशा वेळी आधी रोजची बेरीज काढून छोटी फाइल करावी किंवा एकदा काढलेला आलेख स्वतंत्र पीडीएफमध्ये साठवून पुन्हा वापरण्याची सोय घ्यावी. मोठ्या आकडेमोडीसाठी पायथॉन, आर, ग्नुप्लॉट आहेत. पायथॉनचे मॅटप्लॉटलिब आणि ग्नुप्लॉट लाटेकला चालेल अशा रूपात आलेख काढून देतात. २०२३ मध्ये सर्वांसाठी खुली झालेली ‘टायप्स्ट’ ही नवी जर्मन प्रणाली सीएसव्ही फाइल वाचण्याची सोय मुळातच घेऊन आली आहे आणि तिचे त्रुटीसंदेशही सोपे आहेत.

शिकण्याचा वेळ ही खरी किंमत. पहिल्या आलेखाला एक्सेलमध्ये पाच मिनिटे लागतात, लाटेकमध्ये दोन दिवस जाऊ शकतात. विसाव्या आलेखाला हिशेब उलटा होतो.

मुर्रीतून सुरुवात करायची तर?

टेक लाइव्हचा पूर्ण संच काही जीबींचा असतो. इंटरनेट बेताचे असेल तर लागेल तेवढेच उतरवणारे ‘मिकटेक’ सोयीचे. ‘ओव्हरलीफ’वर काही न बसवता ब्राउझरमध्येच काम करता येते, पण त्यासाठी जोडणी कायम लागते आणि मोफत खात्यात जुळणीला वेळेची मर्यादा असते.

उतरवलेली मूळ फाइल कधीही बदलू नये; तिची प्रत करून दुरुस्ती प्रतीत करावी आणि काय बदलले ते लिहून ठेवावे. फाइलच्या नावात ती कोणत्या संकेतस्थळावरून, कोणत्या तारखेला घेतली हे असावे, कारण नोंदी नंतर सुधारल्या जाऊ शकतात. एक महिना, एक मंडळ आणि एक आलेख इतक्याच कामाने आरंभ करावा. आलेख तयार झाल्यावर कोणतेही पाच स्तंभ निवडून ते मूळ फाइलशी ताडून पाहावेत. त्यात ६५ च्या रेघेजवळचे स्तंभ आधी घ्यावेत. तिथली चूक बाकीच्या आलेखात खपून जाईल, पण ज्याचे धान त्या रात्री पाण्यात होते त्याच्या अर्जात खपणार नाही.